पहिला माग कोण देतं?

(रेडिओवर झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



‘जगात वेगवेगळ्या देशांत उद्योजक कसे घडतात’ या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मला वाटलं, फोन चुकून माझ्याकडे लागला. मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. धंदा म्हणावा असा आयुष्यात एकच केला. पहिला कवितासंग्रह पदरमोड करून छापला, पाचशे प्रती. त्यातल्या सव्वातीनशे अजून पलंगाखाली आहेत. अशा माणसाने उद्योजकतेवर बोलायचं म्हणजे पोहता न येणाऱ्याने पुराच्या गोष्टी सांगण्यासारखं आहे.

तरीही मी हो म्हटलं. कारण त्याच आठवड्यात माझ्या टेबलाच्या खणात एक कागद येऊन पडला होता. माझी मुलगी बंगळूरची नोकरी सोडून इचलकरंजीला, घरी परत आली आहे. तिला शिवणाच्या सहा जुकी मशीन टाकून हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे आणि गाऊन शिवायचे आहेत. मशीनपुरतं कर्ज तिला मुद्रा योजनेतून मिळालं, त्याला तारण लागलं नाही. पण कापड उधार कोण देणार? त्या खेळत्या भांडवलासाठी ती पतसंस्थेत गेली आणि पतसंस्थेला दोन जामीन हवेत. एक तिचे मामू. दुसरा मी. मामूंनी चहा पिता पिता सही केली. माझा कागद खणात राहिला.

तो का राहिला, ते सांगायचं तर अब्बांबद्दल बोलावं लागेल. आणि अब्बांबद्दल बोलायचं तर मागाबद्दल.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग आला तो १९०४ साली. विठ्ठलराव दातारांनी तो आणला आणि इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहून या धंद्याला आसरा दिला. पुढे गावाचा श्वासच खटखट-खटखट असा चालू लागला. अब्बा जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. धोटा उडाला, फणी अडकली, पट्टा सुटला, की रात्री-बेरात्री कुणीतरी पोरगं सायकलवरून यायचं, ‘मिस्त्री, चला.’ अब्बांचं शिक्षण चौथी. पण मागाच्या आवाजावरून ते कुठली नट ढिली झाली ते सांगायचे.

आता जपानकडे बघा. तिथेही गोष्ट मागापासूनच सुरू होते, आणि एका सुताराच्या मुलापासून. साकिची तोयोदा, जन्म १८६७. घरात, शेजारीपाजारी बायका हातमागावर राबताना तो बघत होता. १८९१ साली त्याने लाकडी हातमागातल्या सुधारणेचं पेटंट घेतलं. मग यंत्रमाग, मग त्यात सुधारणा, पुन्हा सुधारणा. १९२४ साली त्याचा जो स्वयंचलित माग तयार झाला, त्याची ख्याती अशी की धागा तुटला की तो आपण होऊन थांबायचा. ज्यांनी साधा माग पाहिला आहे त्यांना यातली जादू कळेल. आमच्याकडच्या साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग विणतच राहतो, आणि कामगाराची नजर चुकली तर वारभर कापड वाया जातं. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने त्या मागाचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला, ते इंग्लंड सुताराच्या पोराच्या दारात आलं! साकिचीचा मुलगा कीइचिरो पुढे मोटारींच्या नादाला लागला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

गंमत अशी की त्याच टापूत, हामामात्सू गावी, मिचिओ सुझुकी नावाच्या, सुतारकाम शिकलेल्या माणसाने १९०९ मध्ये मागाचा कारखाना काढला. ती कंपनी १९५५ साली चारचाकी मोटार बनवू लागली, आणि १९८३ च्या डिसेंबरात आपल्याकडे जी पहिली मारुती धावली तिच्यामागे हेच सुझुकी होते. होंडाचा सोइचिरो होंडा त्याच भागातला. बाजाच्या पेट्या दुरुस्त करता करता उभी राहिलेली यामाहा तिथलीच. एका विणकरी मुलुखातून इतकं सगळं निघालं. पाण्याचा गुण म्हणावा का? मला तसं वाटत नाही. जिथे माग असतात तिथे माग दुरुस्त करणारे असतात, लोखंड ओतणारे असतात, गिअर कापणारे असतात, आणि एकाचं अडलं की दुसरा गल्लीतच सापडतो. आमच्या कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यातही फाउंड्र्या आणि लेथ वाढले ते असेच. उद्योजक एकटा उगवत नाही, त्याची अख्खी गल्ली उगवते.

मग प्रश्न असा की अब्बांसारखे जॉबर आमच्याकडे शेकड्यांनी होते, त्यातले मालक किती झाले? फार थोडे. हात होता, डोकं होतं, गल्लीही होती. पहिला माग कोण देणार, तिथे घोडं अडायचं.

१९८२ च्या सुमारास अब्बांनी ठरवलं, आपले दोन माग टाकायचे. ते एका बँकेत गेले. मी बारा वर्षांचा, त्यांच्याबरोबर होतो, फॉर्म वाचून दाखवायला. साहेबांनी विचारलं, ‘तारण काय?’ अब्बा म्हणाले, ‘साहेब, हात आहेत.’ साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. परत येताना अब्बा एक शब्द बोलले नाहीत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी मला भजी खायला घातली आणि स्वतः नुसता चहा घेतला.

शेवटी दोन माग दिले ते एका शेठनी. वीस वर्षं ज्यांचे माग अब्बा दुरुस्त करत होते, त्यांनी. ‘मिस्त्री, हे दोन जुने आहेत. घेऊन जा. कापडातून फेड.’ ना कागद, ना सही. चार वर्षांत फेड झाली.

हे मी इतक्या तपशिलाने सांगतोय कारण काही वर्षांपूर्वी नायजेरियातल्या इग्बो लोकांविषयी वाचलं, आणि मला आमचे शेठ आठवले. तिथे १९६७ ते १९७० असं यादवी युद्ध झालं. इग्बोंचा बियाफ्रा हरला. युद्ध संपल्यावर सरकारने ठरवलं की बँकेत ज्याची कितीही शिल्लक असो, त्याच्या हातात फक्त २० पौंड पडतील. विचार करा, आयुष्यभराची पुंजी गेली आणि वीस पौंड हातात. त्या वीस पौंडांतून हा समाज पुन्हा उभा राहिला, आणि त्यात मोठा वाटा होता त्यांच्या एका जुन्या रिवाजाचा. घरातला मुलगा मोठा होऊ लागला की त्याला एखाद्या व्यापाऱ्याकडे ठेवायचं. त्या मालकाला ते ‘ओगा’ म्हणतात. पोरगं पाच-सहा, कधी आठ वर्षं ओगाच्या घरी राहतं, दुकान झाडतं, माल उचलतं, हिशेब शिकतं, गिऱ्हाईक ओळखायला शिकतं. पगार नाही. पण मुदत संपली की ओगाने त्याची ‘बसवणूक’ करायची, म्हणजे भांडवल द्यायचं, गाळ्याचं भाडं द्यायचं, दोन-चार घाऊक व्यापाऱ्यांशी ओळख करून द्यायची. बहुतेक वेळा त्याच धंद्यात, त्याच बाजारात. म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचा स्पर्धक उभा करायचा! आपल्याकडच्या कुठल्या दुकानदाराला हे सांगून बघा. तो तुमच्या तब्येतीची चौकशी करेल.

पण तिथे तो हिशेब वेगळा आहे. ज्याने जास्त पोरं बसवली त्याची समाजात पत मोठी. नेवी नावाचं एक गाव आहे. मोटारसायकल आणि मोटारींच्या सुट्या भागांचा तो मोठा बाजार. तिथले इनोसंट चुक्वुमा सुटे भाग विकत विकत पुढे आले आणि २०१० साली नेवीतच त्यांचा इनोसन हा मोटारींचा कारखाना सुरू झाला.

या रिवाजाला काळी बाजूही आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बसवणुकीची वेळ जवळ आली की काही ओगा पोरावर चोरीचा आळ घेतात आणि रिकाम्या हाताने हाकलून देतात. कागद नसतो, दाद मागायची कुठे? आणि दुसरं म्हणजे ही सगळी परंपरा मुख्यतः मुलांची. मुलगी ओगाकडे राहणार कशी? आमच्या शेठनी अब्बांना माग दिले, पण अम्मीला दिले असते का? अम्मी अठरा वर्षं कांड्या भरत होती. तिचं सूत कधी तुटलं नाही, असं अब्बाच सांगायचे. तिला कुणी विचारलं नाही की बाई, तुला काही सुरू करायचंय का. तिने स्वतःला तरी विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

बायकांना विचारलं ते शेजारच्या बांगलादेशात. डॉ. मुहम्मद युनूस यांचं नाव आपण सगळे जाणतो. २००६ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला मिळून मिळालं. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते तिथल्या हंगामी सरकारचे प्रमुख झाले, पण ते राजकारण आज बाजूला ठेवू. गोष्ट १९७६ ची. चितगाव विद्यापीठाला लागून जोबरा नावाचं खेडं आहे. तिथे बांबूचे स्टूल विणणारी एक बाई त्यांना भेटली. बांबू घ्यायला तिच्याकडे पैसे नव्हते, म्हणून ती व्यापाऱ्याकडून उधार घ्यायची आणि त्यालाच त्याच्या भावात स्टूल द्यायची. दिवसभराच्या राबण्याचे तिला सुटायचे पन्नास पैसे. युनूस यांनी गावात अशी किती माणसं आहेत ते मोजलं. बेचाळीस निघाली, आणि त्या सगळ्यांची मिळून गरज होती ८५६ टाका. सत्तावीस डॉलर. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला स्वतःची लाज वाटली आणि त्याने ते पैसे खिशातून दिले. १९८३ मध्ये त्याचीच ग्रामीण बँक झाली. तारण नाही. तारणाच्या जागी बायकांचा गट.

मला ही गोष्ट फार आवडते, पण ती आवडते म्हणून तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २०१५ साली सहा देशांत केलेल्या काटेकोर पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. त्यातली एक पाहणी आपल्या हैदराबादेतली होती. त्यांतून दिसलं ते असं की छोट्या कर्जाने धंदा थोडा वाढतो, माणसाला दोन पर्याय जास्त मिळतात, पण सरासरी घराचं उत्पन्न काही नजरेत भरेल इतकं वाढत नाही. म्हणजे पैसा पाहिजे, पण नुसत्या पैशाने भागत नाही.

मग काय लागतं? त्याचं उत्तर मला त्याच बांगलादेशच्या दुसऱ्या एका गोष्टीत दिसलं, जी आपल्याकडे कमी माहीत आहे. नुरुल कादिर नावाचे एक माजी सनदी अधिकारी. त्यांनी ‘देश गारमेंट्स’ नावाची कंपनी काढली आणि दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. १९७९ साली त्यांनी आपली १३० माणसं कोरियात बुसानला शिकायला पाठवली. त्यात बायकाही होत्या. सहा महिने ती माणसं कापणं, शिवणं, इस्त्री, बांधणी, मालाची तपासणी, परदेशी गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार, सगळं शिकली. १९८० मध्ये चितगावला कारखाना सुरू झाला. आणि पुढे काय झालं? १९८७ पर्यंत त्या १३० पैकी ११५ जण कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याच्या नव्या कारखान्यात गेलं.

कंपनीच्या दृष्टीने ही बेइमानीच. पण देशाच्या दृष्टीने? आज बांगलादेशची निर्यात शंभर रुपयांची असेल तर त्यातले ऐंशीहून जास्त रुपये कपड्यांचे आहेत. बीज त्या १३० माणसांनी पेरलं. अर्थात नुसती शिकलेली माणसं पुरली नसती. तिथल्या बँकांनी एक सोय केली. परदेशी गिऱ्हाइकाची पक्की ऑर्डर आणि त्याच्या बँकेची हमी दाखवा, त्या हमीवर आम्ही तुम्हाला कापड आणायची हमी देतो. त्यामुळे कारखानदाराच्या खिशात कापडाचे पैसे नसले तरी चाकं फिरू लागली. बघा, माझ्या मुलीचं घोडं नेमकं इथेच अडलं आहे. ऑर्डर आहे, मशीन आहे, कापडाला पैसे नाहीत.

शिकून सोडून जाण्याची ही गोष्ट अमेरिकेतही घडली. १९५७ मध्ये आठ इंजिनिअर शॉकले नावाच्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड ही कंपनी काढली. त्यांना ‘गद्दार’ म्हटलं गेलं. त्या आठांतले नॉइस आणि मूर ११ वर्षांनी फेअरचाइल्डही सोडून गेले आणि त्यांनी इंटेल काढली. कॅलिफोर्नियात १८७२ पासूनचा एक कायदा आहे. नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात पडू नकोस, असा करार मालकाने लिहून घेतला तरी तिथे तो चालत नाही. सिलिकॉन व्हॅली सगळ्या जगाला करून बघायची असते. या जुन्या कायद्याकडे मात्र कुणी बघत नाही.

बांगलादेशच्या गोष्टीचा शेवट मी गोड करणार नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे कारखाने होते. ११०० हून अधिक माणसं गेली, त्यात बहुसंख्य शिवणाऱ्या बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. उद्योजक घडवायचे म्हणताना कोण कुणाच्या जिवावर घडतो, हे विचारायला पाहिजे. मी हे मुलीला सांगितलं. ती म्हणाली, ‘अब्बा, माझ्या सहा मशीन तळमजल्यावर आहेत आणि दाराला कुलूप नसतं.’ तिच्या पिढीची उत्तरं अशीच छोटी असतात.

चीनचं थोडक्यात सांगतो. तिथे माओंच्या काळात खाजगी धंदा म्हणजे गुन्हा. वेन्झोऊ नावाच्या शहरात चांग ह्वामेई ही तरुण मुलगी घराच्या दारात टेबल टाकून बटणं आणि असल्याच बारीकसारीक वस्तू विकायची, आणि सरकारी माणूस दिसला की टेबल आत ओढायची. १९८० च्या डिसेंबरात तिला परवाना मिळाला. चीनमधला वैयक्तिक धंद्याचा तो पहिला परवाना मानला जातो. तिला कुणी कर्ज दिलं नाही, प्रशिक्षण दिलं नाही. सरकारने फक्त आडवं येणं थांबवलं. काही वेळा तेवढंही पुरतं.

जर्मनीची गोष्ट याच्या उलट. तिथे आधीच बांधून ठेवलेलं घर. पोरगं तीन-साडेतीन वर्षं कारखान्यात शिकतं आणि त्याच वेळी शाळेतही जातं, मग परीक्षा, मग अनुभव, मग ‘माइस्टर’ची परीक्षा. कित्येक हस्तव्यवसायांत माइस्टर झाल्याशिवाय आपलं दुकान थाटता येत नाही. आमच्या अब्बांना तिथे कुणी माइस्टर म्हटलं असतं, आणि ते कागदावर असतं तर बँकेतले साहेब हसले नसते, असं मला वाटत राहतं. पण जर्मनीची खरी देणगी वेगळीच आहे आणि ती आपल्या दारापर्यंत आलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शुल्झ-डेलिच या गृहस्थांनी कारागिरांसाठी आणि रायफायझन या खेड्यातल्या बर्गोमास्टरने शेतकऱ्यांसाठी पतसंस्था काढल्या. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा दहा जणांनी एकमेकांची हमी घ्यायची. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपात हे बघायला पाठवलं. त्याच्या अहवालाचा मथितार्थ होता, रायफायझन शोधा. त्यातून हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. साल? १९०४! ज्या वर्षी आमच्या गावात पहिला माग आला, त्याच वर्षी. आपले साखर कारखाने, सूतगिरण्या, आणि माझ्या खणातला तो जामिनाचा कागद, सगळ्यांचा खापरपणजोबा म्हणजे तो जर्मन बर्गोमास्टर.

आता त्या कागदाकडे येतो.

अब्बांचे दोन मागांचे पुढे सहा झाले. ते खर्चीवाले होते, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, विणणं आपलं, मजुरी पिकावर. मग कुणीतरी म्हणालं, दुसऱ्याचं किती दिवस विणणार? अब्बांनी स्वतः सूत घेऊन कापड विकायला सुरुवात केली. दोन वर्षं बरी गेली. मग एक पेढी बुडाली आणि तिच्याबरोबर आमचे पैसे. सुताचा भाव चढला, कापडाचा पडला. अब्बांना दोन जण जामीन होते, एक सख्खा चुलता आणि एक गल्लीतले कुलकर्णी मास्तर. वसुलीवाले अब्बांकडे आले त्याचं त्यांना फार वाटलं नाही. ते मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले, त्याचं वाटलं. मास्तरांच्या पगारातून दीड वर्ष हप्ता कापला गेला. मास्तर कधी एक शब्द बोलले नाहीत, म्हणून तर अब्बांनी ती गल्ली सोडली. १९९६ मध्ये सहा माग भंगारात गेले. किलोवर. ज्या यंत्राचा आवाज ऐकून ते नट ओळखायचे, ते यंत्र काट्यावर चढलेलं बघताना मी त्यांच्याजवळ होतो. त्या दिवशी मी नोकरीच्या अर्जावर सही केली. धंदा नको, असं मनाशी ठरवून केली.

अमेरिकेत १८९८ च्या दिवाळखोरीच्या कायद्यापासून प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसाला कर्जातून मोकळं करून पुन्हा उभं राहू द्यायचं, हा विचार रुजला. त्या देशाच्या धाडसाचं कौतुक करताना आपण हा कायदा विसरतो. बुडाल्यावर काय होणार, हे ठाऊक असेल तर माणूस पाण्यात उतरतो. जपानमध्ये जामीन राहिलेल्या नातेवाइकांची, मित्रांची घरं धुऊन निघायची. पुष्कळ आरडाओरड झाल्यावर त्यांनी दिवाणी कायदा बदलला. १ एप्रिल २०२० पासून दुसऱ्या कुणाच्या धंद्याच्या कर्जाला जामीन राहायचं तर त्या माणसाला आधी सरकारमान्य नोटरीसमोर जाऊन दस्त करावा लागतो. नोटरी खात्री करून घेतो की बाबा रे, तू काय अंगावर घेतोयस ते तुला कळलंय ना? धंदा चालवणाऱ्या संचालकांसारख्यांना त्यातून वगळलं आहे, पण कुलकर्णी मास्तरांसारख्यांसाठी तो आहे. मास्तरांना असं कुणी समोर बसवून समजावलं नव्हतं. अब्बांनी कागद पुढे केला, त्यांनी सही केली.

आमच्याकडे, मुसलमानांच्या जुन्या व्यापारी रिवाजात, ‘मुदारबा’ नावाची एक पद्धत आहे. एकाचा पैसा, दुसऱ्याचे कष्ट. नफा झाला तर ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा. तोटा झाला तर पैसेवाल्याचा पैसा गेला, कष्टकऱ्याचे कष्ट गेले. त्याने काही फसवाफसवी केली नसेल तर त्याच्या घरावर कुणी जायचं नाही. मध्ययुगात इटलीचे दर्यावर्दी व्यापारी जवळजवळ असाच करार करून गलबतं पाठवत. आजचे मोठमोठे गुंतवणूकदार नव्या कंपन्यांत पैसा घालतात तो याच धर्तीवर. मोठ्यांना भागीदार मिळतो आणि लहानांना जामीन मागितला जातो, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

गेल्या रविवारी मी हे सगळं मुलीसमोर मांडलं. जपान, नायजेरिया, कोरिया, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने वही काढली. एका खर्चीवाल्याकडून कापड काय दराने, एका चादरीला किती मीटर, शिलाई किती, चार बायकांची मजुरी किती, हॉस्पिटल पैसे किती दिवसांनी देणार. एक गिऱ्हाईक बुडालं तर काय, याचं वेगळं पान होतं. त्या पानावर तिने लिहिलं होतं, ‘मशीन विकून इतके, माझी बचत इतकी, अब्बांवर शून्य.’ अब्बांच्या वहीत असं पान नव्हतं. त्यांच्याकडे वहीच नव्हती.

मी विचारलं, ‘आणि मामूंवर?’ ती म्हणाली, ‘त्यांच्यावरही शून्य. पण तुम्ही सही केलीत तर. नाहीतर दुसरा जामीन मला बाहेरचा शोधावा लागेल, आणि त्याच्यावर शून्य आहे हे त्याला पटवावं लागेल.’

मी तिला एक अट घातली. दर महिन्याच्या पाच तारखेला ही वही मला दाखवायची, धंदा चांगला चालला तरी आणि नाही चालला तरी. ती लगेच कबूल झाली. मग तिने माझ्यासमोर तिची अट ठेवली. या धंद्यावर मी कविता करायची नाही, आणि पलंगाखालचे गठ्ठे हलवायचे, कारण तिथे तिला कापडाचे तागे ठेवायचे आहेत.

गुरुवारी पतसंस्थेत जायचं आहे. गठ्ठे कालच माळ्यावर टाकले.